‘ब्रिटिश ॲक्सेंट ठेवा’ असे सांगण्यापूर्वी : इंग्रजी बोलण्याच्या आणि गाण्याच्या ढबींविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

म्हापशातील आमच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत येणारे इंग्रजी काम मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक बोलण्याचे : हॉटेलांच्या दूरध्वनीवरील स्वागतसंदेश, जुन्या घरांतून आणि मसाल्याच्या बागांतून पर्यटकांनी कानाला लावून ऐकायची माहिती, मांडवीवरील बोटींच्या सूचना. दुसरे गाण्याचे : जहाजावरील नोकरीसाठी पाठवायचा नमुना, लग्नाच्या बँडची ओळख, चर्चच्या गायकवृंदाचे मुद्रण. दोन्हींकडचे ग्राहक आमच्याकडे येताना बहुधा एकच वाक्य घेऊन येतात : “ॲक्सेंट ब्रिटिश ठेवा.” हे वाक्य ऐकल्यावर आम्ही लगेच माईक का चालू करीत नाही आणि उलट चार प्रश्न का विचारतो, असे पुष्कळांनी विचारले, काहींनी थोड्या नाराजीनेही विचारले, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

सर्वांत अधिक वेळ ज्या चुकीमुळे जातो ती आधी सांगतो. बोलणारा आवाज कसा हवा हे समजावण्यासाठी ग्राहक आम्हांला एखादे गाणे पाठवतात. गेल्या हंगामात एका हॉटेलमालकांनी एंगलबर्ट हंपरडिंक यांचे गाणे पाठवून “आमच्या स्वागतसंदेशाला असा ब्रिटिश आवाज द्या” असे कळवले. आम्ही लंडनकडच्या सुशिक्षित ढबीत बोलणाऱ्या निवेदकाकडून संदेश करून घेतला, तो त्यांना फार करडा वाटला. दुसरा निवेदक घेतला, तो शाळामास्तरासारखा वाटला. तिसऱ्या मुद्रणानंतर समोरासमोर बसल्यावर उलगडा झाला की त्यांना हवा होता तो खालच्या पट्टीतला, सावकाश, मायाळू आवाज, आणि तो अमेरिकन असता तरी त्यांची काही हरकत नव्हती. यात त्यांना दोष देता येत नाही. हंपरडिंक जन्मले मद्रासमध्ये, वाढले इंग्लंडातील लेस्टर शहरात आणि रमले लास वेगासच्या रंगमंचावर. गाणे ऐकून यांतले कोणते गाव निवडायचे, हे आमच्या निवेदकालाही कळणे शक्य नव्हते.

गाण्यात ढब पुसट होते, याची कारणे साधी आहेत. माणूस कुठला आहे हे आपण त्याच्या हेलावरून, म्हणजे वाक्यात आवाज कोठे चढतो आणि कोठे उतरतो यावरून ओळखतो, आणि गाण्यात हे चढउतार चालीने आधीच ठरवून टाकलेले असतात. कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा आणि कोणते गिळायचे हे बोलताना ढब ठरवते, गाताना ताल ठरवतो. राहिले स्वर, पण लांब सुरावर स्वर ताणला की त्याचा मूळ आकार बदलतो, आणि ‘डे’ किंवा ‘माय’ यांसारख्या शब्दांतील जोडस्वराची ओळखीची वळणे शेवटच्या क्षणापर्यंत लांबवली जातात किंवा गळूनच जातात. आपल्याकडचे उदाहरण घ्यावे. मालवणी माणूस बोलू लागला की पहिल्या वाक्यात कळतो, पण त्याने अभंग म्हटला तर तो कुडाळचा की पंढरपूरचा हे सांगणे कठीण. केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती ऐकून गाणाऱ्या बाई गोव्याच्या आहेत हे परग्रहावरचा श्रोता तर सोडाच, दादरचा श्रोताही ओळखणार नाही.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात याहून एक गुंता अधिक आहे. हे संगीत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतून जगभर गेले, त्यामुळे त्याच्याबरोबर अमेरिकी दक्षिणेकडचे आणि तेथील कृष्णवर्णीय गायकांचे उच्चारही गेले, आणि इंग्लंडातले गायकही गाताना तेच उच्चार करू लागले. ‘लाइफ’ गाताना ‘लाफ’कडे झुकतो, ‘टाइम’ ‘टाम’कडे, आणि बोलताना ‘डान्स’ म्हणणारा इंग्रज गाताना ‘डॅन्स’ म्हणतो. पीटर ट्रडगिल या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गोष्ट मोजून दाखवली : लिव्हरपूलच्या बीटल्सनी आपल्या सुरुवातीच्या तबकड्यांत अमेरिकी पद्धतीचा ‘र’ पुष्कळदा उच्चारला आहे, आणि पुढे वर्षे गेली तसतसा तो कमी होत गेला. ॲडेल ही गायिका मुलाखतीत बोलते तेव्हा ती लंडनची असल्याचे लपत नाही, गाते तेव्हा मात्र ते बरेचसे झाकले जाते. उलट बाजूला प्रोक्लेमर्स या जुळ्या स्कॉटिश भावांची जोडी आहे, जी आपली ढब गाण्यातही हट्टाने राखते. परंतु असे गायक थोडे, आणि आम्हांला नमुने येतात ते बहुधा त्यांचे नसतात. आमच्याकडे येतात ते जिम रीव्हज, जे टेक्सासचे, आणि क्लिफ रिचर्ड, ज्यांचा जन्म १९४० साली लखनौचा. गोव्यातील एका पिढीने हे दोन्ही आवाज एकाच रेडिओवर, एकाच प्रेमाने ऐकले, त्यामुळे दोघेही ‘ब्रिटिश’ या एकाच कप्प्यात जाऊन बसले असावेत.

तेव्हा बोलण्याच्या कामासाठी बोलण्याचाच नमुना पाठवावा. मुलाखत, बातमीपत्र, विमानातील सूचना, काहीही चालेल, आणि अर्धे मिनिट पुरते. क्रिकेट पाहणाऱ्या ग्राहकांना तर नमुना शोधण्याचीही गरज नाही, कारण समालोचनाच्या निमित्ताने निरनिराळ्या देशांच्या ढबी त्यांच्या कानांत आधीच बसलेल्या असतात. “बॉयकॉटसारखे नको” एवढे सांगितले तरी आमचे अर्धे काम होते. जेफ्री बॉयकॉट यॉर्कशरचे. इंग्लंडच्या उत्तरेकडे ‘कप’मधला स्वर ‘कुप’कडे झुकतो, म्हणून त्यांचे ‘रबिश’ आपल्याला ‘रुबिश’ असे ऐकू येते, आणि ‘बाथ’ हा शब्द तिकडे ‘बॅथ’सारखा आखूड होतो. रिची बेनॉ ऑस्ट्रेलियाचे, इयान स्मिथ न्यूझीलंडचे, मायकेल होल्डिंग जमैकाचे. या चौघांनी एकाच भाषेत समालोचन केले आणि चौघांची गल्लत कोणी केली नाही. फुटबॉलवाल्यांनी ग्लासगोचे ॲलेक्स फर्ग्युसन आठवावेत.

कानाला सवय लावायची असेल तर सर्वप्रथम ‘र’कडे लक्ष द्यावे. ‘कार’, ‘पार्क’, ‘वॉटर’ या शब्दांत स्वरानंतर येणारा ‘र’ अमेरिकेत, कॅनडात, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये स्पष्ट उच्चारला जातो. इंग्लंडच्या बहुतेक भागांत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये तो उच्चारला जात नाही, ‘कार’चे ‘काऽ’ होते. मात्र पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की हाच ‘र’ परत येतो, म्हणून एकट्या शब्दावरून निर्णय करू नये. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील ग्रामीण भागात तर तो आजही टिकून आहे, म्हणजे ‘र’ ऐकू आला की माणूस अमेरिकन, हा आडाखा आयरिश आणि स्कॉटिश पाहुण्यांपुढेच नव्हे, काही इंग्रजांपुढेही चुकतो.

त्यानंतर ‘वॉटर’मधला ‘ट’ ऐकावा. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तो जिभेच्या एका हलक्या टिचकीने उच्चारतात, आणि आपल्या कानाला तो ‘ड’ आणि ‘र’ यांच्यामध्ये कोठेतरी ऐकू येतो. लंडनच्या कामगारवस्तीच्या बोलीत तो घशात अडकतो आणि ‘वॉ’नंतर नुसता खंड पडतो. ऑस्ट्रेलियाचा ‘डे’ आपल्या कानाला ‘डाय’जवळ वाटतो, न्यूझीलंडमध्ये ‘फिश’ ‘फश’कडे जातो आणि ‘पेन’ ‘पिन’कडे. स्कॉटलंडमध्ये बहुतेकांच्या तोंडी ‘पुल’ आणि ‘पूल’ हे दोन शब्द एकसारखेच असतात. आयर्लंडमध्ये पुष्कळजण ‘थ्री’ हा शब्द ‘त्री’सारखा दातांना जीभ टेकवून म्हणतात, आणि या बाबतीत ते लंडनपेक्षा आपल्या जवळचे आहेत. जॉन वेल्स या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये इंग्रजी स्वरांची तुलना करण्यासाठी २४ शब्दगट (एका गटातील सर्व शब्दांत एकच स्वर) मांडले, ते आजही या क्षेत्रात वापरले जातात. ग्राहकांनी ते पाठ करावेत अशी आमची अपेक्षा नाही. आमचे निवेदक मात्र निवडीच्या वेळी प्रत्येक गटातील एक शब्द वाचून देतात, आणि ती मुद्रणे आपल्याला स्टुडिओत केव्हाही विनामूल्य ऐकता येतील.

आपल्या स्वतःच्या इंग्रजीची खूणही सांगून ठेवतो, कारण “आमच्याच मुलाकडून ब्रिटिश उच्चारात करून घ्या” ही विनंती वारंवार येते. मराठी किंवा कोंकणी माणसाचे इंग्रजी ‘ट’ आणि ‘ड’ यांवरून चटकन ओळखू येते. आपण जीभ मागे वळवतो, इंग्रज ती दातांमागच्या हिरडीला लावतो. शब्दारंभीचा ‘प’ किंवा ‘क’ इंग्रज जोराने श्वास सोडून म्हणतो, त्यामुळे त्याचा ‘पेन’ आपल्या ‘फणस’मधल्या ‘फ’च्या अंगाने जातो, आपला ‘पेन’ मात्र ‘पेरू’सारखाच राहतो. ‘व’ तर आपल्याकडे एकच, त्यामुळे पश्चिम दिशा (west) आणि आतला बनियन (vest) हे दोन इंग्रजी शब्द आपल्या तोंडी एक होतात. यांत कमीपणा काही नाही. अडचण येते ती अर्धवट नकलेत : दोन वाक्ये इंग्लंडची, तिसरे अमेरिकेचे, आणि घाईत म्हटलेले चौथे थेट डिचोलीचे. पर्यटक अशा वेळी माहिती ऐकायची सोडून निवेदकाचे गाव शोधत बसतो. म्हणून आम्ही नकली ढबीचे काम घेत नाही. जी ढब हवी ती ज्याची जन्माची आहे असाच निवेदक देतो, आणि तो दूरच्या देशातून मुद्रण पाठवत असल्यामुळे त्याचे मानधन थोडे अधिक पडते.

तरीही एक सल्ला आमच्याच नफ्याच्या विरुद्ध देतो. आपल्या पाहुण्यांत इंग्रजांबरोबर रशियन, जर्मन आणि दिल्लीकरही असतील, तर स्पष्ट आणि संथ भारतीय इंग्रजी बहुधा सर्वांना कळते, आणि आपल्या घरी आपल्या आवाजात स्वागत होण्यात एक शोभाही असते. असे इंग्रजी उत्तम बोलणारे पणजी आणि मडगाव येथील निवेदक आमच्याकडे आहेत. त्यांना त्याच दिवशी बोलावता येते, हा फायदा वेगळाच.

परदेशी निवेदक घेतल्यास गावांची नावे हा मोठा खड्डा आहे. आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची आहेत. शेवटचा ‘एम’ बहुधा नुसता नाकातला आवाज असतो आणि ‘एक्स’ पुष्कळदा ‘श’ असतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो साखळीला ‘सांक्वेलिम’ म्हणतो, पेडण्याला ‘पर्नेम’, शिवोलीला ‘सिओलिम’. पाटीवर पर्यटकालाही तेच दिसणार असल्यामुळे काही ग्राहकांना तसेच हवे असते, आणि त्यात चूक नाही. पण हा निर्णय मुद्रणाआधी व्हावा. संहितेतील सर्व स्थळनावे आणि खाद्यपदार्थांची नावे आपण आपल्या फोनवर स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवावीत, आम्ही ती निवेदकाकडे पोहोचवतो.

गायकांसाठी थोडे वेगळे. जहाजाच्या निवडीसाठी येणारे तरुण ‘र’ फार वळवतात, इतका की लांब सुरावर जीभ मागे गेल्याने आवाजच कोंदतो. मुरलेले गायक, अमेरिकेतलेसुद्धा, लांब सुरावर ‘र’ सोडतात किंवा अगदी शेवटी हलकेच लावतात. चर्चच्या गायकवृंदांना हे कोणी सांगावे लागत नाही, त्यांच्याकडे ‘लॉर्ड’ शतदा गाऊन घासून गुळगुळीत झालेला असतो. कोणत्या देशाचे वाटते याची चिंता करण्यापेक्षा शब्दाअखेरचे ‘ट’, ‘ड’ आणि ‘स’ नीट ऐकू येतात का, आणि पहिल्या कडव्यात ‘डान्स’ म्हटले तर तिसऱ्यातही तेच म्हटले आहे का, हे पाहावे. उच्चारांची एक तालीम आम्ही गाण्याच्या मुद्रणाच्या दरातच धरतो.

अर्ध्या मिनिटाच्या चाचणी-मुद्रणाचे पैसे आम्ही आगाऊ घेतो आणि काम पुढे गेल्यास ते अंतिम बिलातून वजा करतो. चाचणीला लेखी होकार मिळाल्यानंतर ढब बदलायची झाल्यास ते नवे काम समजले जाते, कारण ढब ही मिठासारखी वरून घालता येत नाही, सगळी संहिता पहिल्यापासून वाचावी लागते. वाचनातील चुका मात्र कितीही वेळा विनामूल्य सुधारून देऊ.

येताना संहितेची छापील प्रत, बोलण्याचा नमुना आणि ऐकणारे पाहुणे मुख्यतः कोठले आहेत याची एक ओळ एवढे आणावे. दुपारी दीड ते चार आम्ही फोन उचलत नाही; गल्ली झोपलेली असते, म्हणून तीच आमची मुद्रणाची खरी वेळ आहे. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीमुळे मुद्रण होत नाही, पण नमुने ऐकण्यासाठी सकाळी दहानंतर अवश्य यावे.