डिस्चार्ज आणि निर्दोष मुक्तता: पुरावा कोणत्या टप्प्यावर तोकडा पडला?

'पुराव्याअभावी सुटका' एवढाच मथळा वाचून आरोपी डिस्चार्ज झाला की निर्दोष सुटला, हे कळत नाही. माणूस दोन्ही वेळा घरी जातो, पण त्याच्या मागची टांगती तलवार दोन्ही वेळा सारखीच उतरते असं नाही.

डिस्चार्ज होतो तो खटला उभा राहण्याआधी. आरोपपत्र आलेलं असतं, आरोप निश्चित व्हायचे असतात आणि एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. सत्र खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 250 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 227) खाली, प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून 60 दिवसांत अर्ज करता येतो. न्यायाधीश पोलिसांचे कागद पाहतात: जबाब, पंचनामे, प्रयोगशाळेचे अहवाल. ते सगळे खरे धरले तरी खटला चालवण्याइतका आधार आहे का, एवढाच प्रश्न असतो. प्रफुल्लकुमार सामल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसता संशय आणि गंभीर संशय वेगळे केले. गंभीर संशय असला की आरोप निश्चित होणार.

बहुतेक अर्ज इथेच फसतात. 'त्या दिवशी मी गावातच नव्हतो' म्हणून आरोपी हॉटेलची बिलं जोडतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या देबेंद्रनाथ पाढी निकालानुसार बचावाचे कागद या टप्प्यावर सहसा विचारात घेतले जात नाहीत. 'संशयाचा फायदा' मागणं तर अवेळीच, कारण इथे संशय सरकार पक्षाच्या बाजूने काम करतो.

साक्षीपुरावे आणि उलटतपासणी झाल्यावर काटा उलटा फिरतो. आता गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि आरोपी गप्प राहिला म्हणून त्यातली उणीव भरून निघत नाही. पुण्यातल्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (1984) सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या. दोष 'असू शकेल' एवढं पुरत नाही, 'असलाच पाहिजे' इथवर साखळी जावी लागते. व्यवहारात ती तुटते ती नेहमीच्या जागी: पंच फितूर होतात, मुद्देमाल जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नसते, किंवा पोलिसांसमोरच्या कबुलीवरच भिस्त ठेवलेली असते आणि ती पुराव्यात चालत नाही. (पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम 29 सारख्या तरतुदी निर्दोषत्वाचं गृहीतक उलटवतात, तरी पायाभूत बाबी सरकार पक्षालाच सिद्ध कराव्या लागतात.)

याच संहितेचं कलम 255 मात्र चकवतं. सरकारी पुरावा संपल्यावर 'पुरावाच नाही' असं दिसलं तर बचावाचे साक्षीदार न बोलावताच न्यायाधीश आरोपीला सोडतात. वाटतो डिस्चार्ज, असते निर्दोष मुक्तता.

फरक महाग पडतो तो नंतर. निर्दोष सुटलेल्यावर कलम 337 मुळे त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला चालत नाही. सरकारला अपिलात जाता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या चंद्रप्पा निकालानुसार (2007) निर्दोषत्वाचं गृहीतक तिथे अधिक बळकट झालेलं असतं. अनेक जण इथे घटनेच्या अनुच्छेद 20(2) चा हवाला देतात, पण तो खटला आणि शिक्षा दोन्ही झालेल्यांसाठी आहे. डिस्चार्ज झालेल्याला 337 चं हे कवच नाही. सरकार 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज (वरच्या न्यायालयाने आदेश तपासावा म्हणून) करू शकतं, आणि नवा पुरावा हाती लागला तर त्याला पुन्हा आरोपी करता येतं.

म्हणून आदेशाची प्रत मागवून कलम पाहावं. 250 किंवा 262 (मॅजिस्ट्रेटपुढच्या पोलिसी वॉरंट खटल्यांसाठीचं तसंच कलम) असेल तर डिस्चार्ज.