झिजलेले नाणे आणि कच्च्या ठशाचे नाणे

नाण्याची झीज कशी असते, हे संग्राहकाला वेगळे सांगावे लागत नाही. चलनात फिरता फिरता जो भाग सर्वांत उंच, तो आधी घासला जातो: चेहऱ्याच्या बाजूला कानावरचे केस आणि गाल, मागच्या बाजूला गरुड असेल तर त्याची छाती. मात्र नेमक्या याच जागी नक्षी पुसट दिसली की नाणे झिजलेले ठरवून मोकळे होण्याच्या सवयीचा मला मनापासून वीट आला आहे, कारण त्या घाईत एकदाही चलनात न गेलेली नाणी चलनातली म्हणून नोंदली जातात.

नाण्याचा सर्वांत उंच भाग म्हणजे साच्यातला सर्वांत खोल खळगा. ठसा मारताना कोऱ्या चकतीतला धातू तिथे सर्वांत शेवटी पोहोचतो. दाब कमी पडला, दोन साच्यांमध्ये अंतर जास्त राहिले किंवा दोन्ही बाजूंचे उंच भाग नेमके पाठीला पाठ लावून आले, तर धातू पुरा पडत नाही आणि खळगा अर्धवटच भरतो; हाच कच्चा ठसा. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतले अनेक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी, याच दोषासाठी ओळखले जातात. कानावरचे केस सपाट, गरुडाची छाती पिसांवाचून, आणि तरीही नाणे अगदी कोरे, म्हणजे चलनात न गेलेले.

फरक नक्षीत शोधू नये, पृष्ठभागात शोधावा. नाणे कडेने धरून एकाच दिव्याखाली हळूहळू कलते फिरवावे. ठशाच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकताना ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांच्यामुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. झिजलेल्या नाण्यावर हा पट्टा उंच भागापाशी येताच तुटतो आणि तिथे मळकट, गुळगुळीत, भोवतालपेक्षा वेगळ्या रंगाचा डाग उरतो. चांदीवर तो करडा, तांब्यावर तपकिरी दिसतो. कच्च्या ठशाच्या नाण्यावर तसा घासलेला डाग नसतो. तिथली चमक थोडी वेगळी वाटू शकते, पण भिंगाखाली मूळ चकतीचा खडबडीतपणा आणि ठशापूर्वीचे बारीक ओरखडे जसेच्या तसे दिसतात, कारण साचा तिथवर टेकलेलाच नसतो. हे ओरखडे घासटीने सर्वांत आधी नाहीसे झाले असते, म्हणून मला हा पुरावा सर्वांत भरवशाचा वाटतो.

पॉलिश करून आणलेली लकाकी म्हणजे ही झळाळी नव्हे. घासलेले नाणे कितीही चमकले तरी त्यावर प्रकाशाचे चाक फिरत नाही.

नाण्याची स्थिती १ ते ७० अंकांत सांगणाऱ्या शेल्डन मापावर ५८ पर्यंत झीज असते आणि ६० पासून पुढे ती नसते, त्यामुळे कच्च्या ठशाचे कोरे नाणे ६० किंवा त्याच्या वरच बसते, फक्त फार वर चढत नाही. तरीही निवड माझ्यावर सोपवली, तर पुसट केसांच्या ६२ पेक्षा एकेक बट मोजता येणारे ५८ चे नाणे मी घेईन, आणि नोंदवहीत झीज व ठसा हे दोन स्वतंत्र रकाने ठेवीन.