तान्ह्या बाळाच्या मेंदूचं इमेजिंग आणि ऑटिझमची लवकर चाहूल

ऑटिझमची, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्याची, लक्षणं साधारण पहिल्या वाढदिवसानंतर ठळक व्हायला लागतात, पण मेंदूतला बदल त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. तो पहिल्या वर्षातच दिसतो का हे शोधायला तान्ह्या बाळांचे एमआरआय काढायचे, मग दोन वर्षांचं होईपर्यंत वाट बघायची, कोणाला निदान झालं ते बघायचं आणि जुने स्कॅन परत उघडून फरक शोधायचा, असं हे संशोधन चालतं. पुण्यात हा विषय निघतो तो बहुतेक एकाच प्रश्नातून, की पहिल्याला ऑटिझम आहे, आता दुसरं झालंय, तर याचा मेंदू स्कॅन करून आत्ताच कळेल का? आजच्या घडीला उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते का हे नीट समजलं तर उगाच खर्च होत नाही आणि घरच्यांचा जीवही टांगणीला लागत नाही.

या अभ्यासात जास्त करून ऑटिझम असलेल्या मुलांची धाकटी भावंडंच घेतात कारण त्यांच्यात प्रमाण जास्त असतं. २०११ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा भावंडांपैकी १८.७ टक्के मुलांना ऑटिझम निघाला, म्हणजे जवळपास पाचात एक. घाबरलेल्या आईबाबांना हा आकडा उलट बाजूनेही सांगायला हवा, की पाचातल्या चौघांना होत नाही.

सगळ्यात मोठं काम अमेरिकेतल्या आयबिस नावाच्या, अनेक संशोधन केंद्रांच्या नेटवर्कने केलंय, त्याचं नेतृत्व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या जोसेफ पिव्हेन यांनी केलं. ६, १२ आणि २४ महिन्यांना त्याच बाळांचे स्कॅन. आता सहा महिन्यांच्या बाळाला 'हलू नको' कसं सांगणार? तर ते झोपलं की स्कॅन काढतात, तेही झोपेचं औषध न देता. रात्री नेहमीच्या वेळेला बाळाला घेऊन जायचं, पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, आई थोपटत बसणार, गाढ झोप लागली की कानांवर आवाज अडवणारी कव्हरं घालून अलगद मशीनमध्ये सरकवायचं. मशीन सुरू झालं की ती धडधड आणि टकटक, आणि मध्येच बाळ उठलं की सगळं परत पहिल्यापासून, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, त्यामुळे रेडिएशनची भीती इथे लागू नाही. मात्र हॉस्पिटलमध्ये नेहमीच्या कारणासाठी लहान मुलाचा एमआरआय असेल तर बऱ्याचदा झोपेचं सिरप किंवा भूल देतात, आणि त्याची स्वतःची जोखीम असते, ती विनाकारण कशाला घ्यायची.

सापडलं काय? २०१७ मध्ये नेचर मासिकात आलेल्या पेपरमध्ये १०६ भावंडं आणि घरात ऑटिझम नसलेली ४२ बाळं होती. ज्यांना पुढे निदान झालं त्यांच्या मेंदूच्या वरच्या थराचं क्षेत्रफळ ६ ते १२ महिन्यांत जास्त वेगाने वाढलं होतं आणि मेंदूचा एकूण आकार दुसऱ्या वर्षात नेहमीपेक्षा जास्त वाढला. ही मापं कॉम्प्युटरला शिकवल्यावर पुढे निदान झालेल्यांपैकी ८८ टक्के बाळं त्याने ओळखली. त्याच वर्षी दुसऱ्या पेपरात सहा महिन्यांच्या ५९ झोपलेल्या बाळांच्या मेंदूतले २३० भाग एकमेकांशी कसे जुळून काम करतात, म्हणजे २६,३३५ जोड्या, हे फंक्शनल एमआरआयने तपासलं, आणि पुढे निदान झालेल्या ११ पैकी ९ बाळं ओळखली, एकही चुकीचा शिक्का न मारता. मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे मेंदूद्रव, काही बाळांत सहा महिन्यांनाच जास्त असतं हेही दिसलंय.

आकडे वाचून कोणालाही वाटेल की झालं की मग काम! पण ११ बाळं म्हणजे फारच थोडी, आणि कॉम्प्युटरची परीक्षा त्याच अभ्यासातल्या बाळांवर झाली, त्यामुळे वेगळ्या, नव्या बाळांवर ते टिकतं का हे बघावंच लागतं. त्याहून मोठा मुद्दा साध्या गणिताचा आहे. नेचरमधल्या पद्धतीत ऑटिझम नसलेल्यांपैकी ५ टक्के बाळं चुकून अडकत होती. समजा पुण्यातली कुठलीही १००० बाळं घेतली आणि त्यातल्या १० जणांना ऑटिझम होणार आहे, तर ९ पकडली जातील, पण उरलेल्या ९९० पैकी जवळपास ५० घरांत चुकीची भीती जाईल. म्हणून हे फक्त भावंडांपुरतं, आणि तेही अजून संशोधनापुरतंच. कोणी ऑटिझम आधी कळेल म्हणून बाळाचा एमआरआय काढून घ्या म्हणत असेल तर सरळ नाही म्हणावं. फिट्स येत असतील किंवा डोक्याच्या वाढीत गडबड असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर ती गोष्ट वेगळी.

आणि मदत सुरू करायला स्कॅन लागतच नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ ला एक ट्रायल प्रसिद्ध झाली, त्यात साधारण वर्षाच्या आसपासची १०३ बाळं नुसत्या वागण्यातल्या खुणांवरून निवडली होती, स्कॅनवरून नाही. आईबाबांना बाळाबरोबरचे स्वतःचे व्हिडिओ दाखवून, बाळ काय सांगायला बघतंय ते ओळखायला शिकवलं. तीन वर्षांच्या वयात त्या गटात निदान ६.७ टक्क्यांना झालं, नेहमीची मदत मिळालेल्या गटात २०.५ टक्क्यांना.

पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र आहे, शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. 'याचा बाप पण उशिराच बोलला होता' असं आजी म्हणते, ते मायेनेच म्हणते, पण वर्षाचं बाळ हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, टाटा करत नसेल तर थांबू नये. जाताना मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जावेत, एक जेवताना, एक खेळताना, एक मागून नावाने हाक मारतानाचा, कारण ओपीडीच्या दहा मिनिटांत बाळ नेमकं रडतं किंवा झोपतं.