झाकणाखालचा काळा थर आणि पांढरी साय

जुनी गाडी बघायला गेलं की टायर, रंग, सीट कव्हर हे सगळं मालक आपणहून दाखवतो. इंजिनात ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण मात्र आपल्यालाच उघडावं लागतं. उघडलं की आतल्या बाजूला कधी काळा, घट्ट, बोटाने खरवडावा लागेल असा थर दिसतो, तर कधी पिवळसर पांढरी साय. दोन्हींवर एकच सल्ला मिळतो: "गाळ झालाय, फ्लश मारून घ्या." फ्लश म्हणजे ऑइलमध्ये ओतून इंजिन आतून धुवायचं रसायन. काळ्या थराला हा सल्ला अर्धामुर्धा लागू पडतो, क्वचित घातकही ठरतो. पांढऱ्या सायीला तो मुळीच लागू नाही.

काळा थर ऑइलपासूनच तयार होतो. उष्णतेने ऑइलचं ऑक्सिडेशन होतं, आणि ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. पिस्टन रिंगांच्या बाजूने निसटलेला धूर, काजळी, न जळलेलं इंधन आणि थोडी वाफ त्यात मिसळत राहते. ही घाण सुटी धरून ठेवायला ऑइलमध्ये रसायनं घातलेली असतात. ऑइल वेळेवर बदललं नाही की ती संपतात आणि घाण बसायला लागते. पहिल्यांदा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या आत, मग त्याखालच्या हेडमधून ऑइल खाली यायच्या भोकांत, शेवटी चेंबरच्या (ऑइल साठतं त्या खालच्या भांड्याच्या) तळाशी आणि ऑइल पंपाच्या जाळीवर. जाळी बुजली की पंपाला ऑइल ओढता येत नाही. त्याची पहिली झळ हेडमधल्या कॅमशाफ्टला, टर्बोला आणि पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाच्या बिग एंड बेअरिंगला बसते.

खानदेशात हा रोग व्हायला बाकी काही लागत नाही. घरापासून शेत, शेतापासून बाजार समिती, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमधली वाफ आणि इंधन उडून जात नाही. तीच गाडी मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असताना, एसी लावून सुरतेच्या रस्त्यावर ताणली जाते. वरून धूळ. कंपनीच्या पुस्तकात धूळ आणि छोट्या फेऱ्यांसाठी ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं, पण ते पान कोण वाचतो!

मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही गाड्यांत आलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन इथल्या जुन्या बाजारात भरपूर दिसतं. त्यात जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल मावतं आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. अशा इंजिनात गाळाला माफी नसते. तरी सगळा दोष मालकाचाच असतो असंही नाही. अमेरिकेत टोयोटाला १९९७ ते २००२ च्या काही इंजिनांसाठी, ऑइल आत थिजण्याच्या तक्रारींवरून, २००२ मध्ये आठ वर्षांचं खास संरक्षण जाहीर करावं लागलं होतं.

पांढरी साय ऑइल जुनं झाल्याने येत नाही. ती पाण्याची असते. ताकात रवी फिरावी तसा क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) चेंबरच्या वर फिरतो, ऑइल आणि पाणी घुसळलं जातं आणि साय वर येते. ऑइल कालच बदललेलं असलं तरी आज साय येऊ शकते. म्हणून "सर्व्हिस नुकतीच केलीय" हे मालकाचं बोलणं काळ्या थरापुढे काही अर्थ ठेवतं, सायीपुढे नाही.

पाणी दोन वाटांनी येतं. एक निरुपद्रवी: थंडीत इंजिनातली वाफ गार झाकणाला लागून थिजते. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी नुसत्या झाकणाखाली थोडी साय दिसली, डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असलं आणि पन्नास-साठ किलोमीटर चालवल्यावर ती गेली, तर सोडून द्या. पण वैशाखात, चोपड्याला दुपारी उभ्या गाडीच्या झाकणाखाली साय असेल तर थंडीचा बहाणा चालत नाही. ते कुलंटचं, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन गार ठेवणारं पाणी आहे.

ही दुसरी वाट. हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधली सील) गेलेली असते, हेडला चीर किंवा बाक असतो, नाहीतर बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरजवळ बसवलेला ऑइल कूलर आतून फुटलेला असतो. आपल्याकडे याचं मूळ बरेचदा कॅनमधून ओतलेल्या बोअरच्या पाण्यात असतं. तापी खोऱ्यातल्या खोल बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड पाण्याच्या भोकांभोवती खाल्लं जातं, पाण्याच्या वाटा क्षारांनी भरतात, गाडी तापते आणि हेडला बाक येतो. कुलंटचे थोडे पैसे वाचवायला गेलेल्याचं हे बिल पुढच्या मालकाला भरावं लागतं.

ओळखायला यंत्र लागत नाही. पाणी शिरत असेल तर डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढते आणि कुलंटच्या बाटलीतली घटते. काळ्या गाळाच्या गाडीत पातळी सहसा कमीच असते. (बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळताना डिझेलही ऑइलमध्ये उतरतं, म्हणून नुसत्या वाढलेल्या पातळीवर निकाल देऊ नका.) गरम तव्यावर, तोंड लांब ठेवून, ऑइलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. पाणी बरंच असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा नट सकाळी हळू सैल केला की आधी पाणी येतं, मग ऑइल; पाणी जड म्हणून तळाशी बसतं. आणि डिझेल गाडीचं ऑइल नुसतं काळं दिसलं म्हणून दचकू नका. नवं ऑइल काही शे किलोमीटरांतच काजळीने काळं होतं, आणि ते त्याचं कामच आहे. पातळ काळं ऑइल ठीक, घट्ट काळा थर वाईट.

कुलंटच्या बाटलीतही डोकवा. चालू इंजिनात ऑइलचा दाब सहसा कुलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून ऑइल कूलर फुटला की ऑइल पाण्यात जातं आणि बाटलीत तेलकट लगदा तरंगतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, गरम कुलंटचा मात्र टिकून राहतो, आणि मग उलटा प्रवास होतो. बाटलीत आधी लगदा दिसला तर हेड उघडण्याआधी कूलर तपासून घ्या. फुकट हेड उघडण्याचा खर्च वाचेल.

इथून पुढे दोघांची कामं वेगळी होतात. साय असेल तर धुणं शेवटी. आमच्याकडचा एक जुना मिस्त्री ट्रॅक्टरवाल्यांना सांगायचा, "पयले पानी कथाईन ई राहिनं ते देखा, मंग धुवा." (आधी पाणी कुठून येतंय ते बघा, मग धुवा.) कुलंटला दाब देऊन गळती शोधायची, हेड उतरवलं तर सरळ पट्टी ठेवून बाक मोजायचा, लेथवाल्याकडे दाबाची चाचणी करून मगच फेसिंग मारायचं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायचा. साय स्वतः तशी मऊ असते. फट बंद झाल्यावर स्वस्त ऑइल घालून, तापवून, दोन-तीनदा काढलं की बहुतेक निघते. चिंता बेअरिंगची. कुलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये आम्ल तयार करतं आणि बेअरिंगचा मऊ धातू खातं. म्हणून सायीवर गाडी किती चालली हे कळत नसेल तर चेंबर उतरवून बेअरिंगची एक जोडी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काळ्या गाळात एकच फट शोधून भागत नाही. ऑइल जिथे जिथे जातं ती प्रत्येक वाट मोकळी करावी लागते. थर पातळ असेल तर चांगलं ऑइल घालून ते दोन-तीन हजार किलोमीटरांत बदलत राहणं हा हळू पण भरवशाचा उपाय. थर जाड असेल तर मात्र बाटलीतला फ्लश ओतू नका. गाळ पापुद्र्यांनी सुटतो आणि थेट जाळीवर जाऊन बसतो. फ्लशनंतर आठवड्याभरात जाम झालेल्या इंजिनाच्या गोष्टी गॅरेजात ऐकायला मिळतात, त्या बऱ्याचशा अशाच घडतात. निदान चेंबर आणि टॅपेट कव्हर उतरवून हाताने काढावं, जाळी नवी घालावी.

पूर्ण खोलायचं ठरलं तर घाई करणाऱ्याकडे देऊ नका. बेअरिंग कॅप ज्या जागेची त्याच जागी, त्याच दिशेने बसायला हवी. टॅपेटही क्रमाने ठेवावेत. डिझेलमध्ये भिजवून, ब्रश आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढावं. कॉस्टिकच्या टाकीत फक्त बिडाचे भाग जातात. अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्यात विरघळायला लागतं. गॅसकेट काढायला ग्राइंडरवरची घासणारी चकती फिरवू देऊ नका. तिचे कण ऑइलच्या वाटेत राहिले की नवी बेअरिंग पहिल्या काही तासांत जाते. सगळ्यात टाळलं जाणारं काम ब्लॉक आणि क्रँकमधल्या ऑइलच्या भोकांचं. त्यांची बुचं काढून, लांब बारीक ब्रश आरपार घालून, मग कॉम्प्रेसरची हवा. नुसती हवा मारली तर मधली गाठ तशीच राहते. पंपाचा प्रेशर व्हॉल्व्ह, पिस्टनवरच्या ऑइल रिंगची भोकं आणि टर्बोच्या ऑइल पाइपाची बारीक जाळी हीसुद्धा त्याच यादीत. ऑइल कूलर आतून धुता येत नाही, तो नवाच घालावा.

जोडताना बेअरिंगला ऑइल लावून, इंधन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारायचा आणि मगच इंजिन चालू करायचं. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढायचं, फिल्टर कापून आत काय अडकलंय ते बघायचं. काळे कण असतील तर धुवायला कुठेतरी कमी पडलं. चकाकणारे कण असतील तर पुन्हा चेंबर उतरवा.

गाडी अजून घ्यायची असेल तर भाव ठरवताना एवढं धरा: काळ्या थराच्या गाडीच्या खर्चाचा अंदाज आधी नुसतं बघून बांधता येतो, सायीच्या गाडीच्या खर्चाचा मात्र हेड उतरल्याशिवाय नाही. आणि मालकाने आपण यायच्या आत झाकण पुसून ठेवलेलं दिसलं, तर डिपस्टिकची नळी आणि कुलंटची बाटली पाहा. त्या पुसायचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.