हिवताप (बेळगाव सीमाभाग)

हिवताप ऊर्फ मलेरिया हा प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आजार आहे. ॲनोफिलिस डासाची मादी तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात पोचवते. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हा परजीवी दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत.

पाणी साचण्याच्या जागा या भागात भरपूर आहेत. खानापूरच्या घाटाकडील जंगलपट्टीतले संथ, स्वच्छ ओहोळ ॲनोफिलिसच्या फ्लुविॲटिलिस जातीला मानवतात. शेताकडेची डबकी आणि कालव्याचे पाझर क्युलिसिफॅसीसला चालतात, तर शहरातल्या विहिरी व उघड्या टाक्या स्टेफेन्सीला. ॲनोफिलिसची अळी ओळखणे सोपे आहे: ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते, इतर डासांच्या अळ्या डोके खाली करून लोंबतात.

शेजारच्या कारवार (तेव्हाचा उत्तर कानडा) व धारवाड जिल्ह्यांत मुंबई प्रांताने डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली १९४६ पासून घराघरांत डीडीटी हे कीटकनाशक फवारले आणि ताप झपाट्याने ओसरला. पुढे डासांनाच डीडीटी सोसू लागले, आणि १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले.

प्लाझ्मोडियमच्या व्हायव्हॅक्स प्रकारात आधी हुडहुडी भरते. दोन वाकळा पांघरल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. मग अंग भाजते, शेवटी दरदरून घाम सुटतो. साधारण ४८ तासांनी परजीवी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. पण खरी मेख यकृतात आहे. तिथे त्याची सुप्त रूपे दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, डास न चावताही ताप परततो. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातला परजीवी मारतात. यकृतातल्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप उतरला की पुडी कोनाड्यात पडते, आणि इथेच घात होतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला मात्र ही गोळी द्यायची नसते.

फाल्सिपेरम हा दुसरा प्रकार यकृतात लपत नाही, पण मेंदूवर गेला तर जीव घेतो. त्याला आर्टेमिसिनिनयुक्त औषध लागते. दोन्ही प्रकारांचे उपचार वेगळे असल्याने रक्त तपासल्याशिवाय गोळी घेऊ नये. तपासणी व औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चोर्ला घाटाने गोव्यात बांधकामावर जाऊन आलेल्या माणसाला ताप आला, तर तो कुठे राहून आला हे डॉक्टरांना आधी सांगावे.