माचू पिचूच्या तिकिटावरचे नंबर आले कुठून

माचू पिचू म्हणजे पेरू देशातलं इंकांचं जुनं डोंगरी गाव, त्याचं तिकीट काढायला बसलं की माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो. तारीख समजते, वेळ समजते, पण त्याच्यापुढे सर्किट १, २, ३ आणि प्रत्येकाच्या पोटात ए, बी असे रूट, १ आणि ३ मध्ये सी, डीसुद्धा, सगळे मिळून १०, आणि एकदा निवडला की तोच, आत गेल्यावर "जरा तिकडेही डोकावून येतो" असं चालत नाही. लोक मग सरळ विचारतात कुठलं घेऊ, आणि उत्तरही एका ओळीत मिळतं, २ घे, नाही मिळालं तर ३. उत्तर चुकीचं नाहीये. पण हे नंबर कशामुळे आले, कुठला नियम काय घडल्यावर आला, हे माहीत असलं की आपल्याला नक्की काय बघायचंय ते ठरवणं खूप सोपं जातं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुळात ही जागा मोकळं फिरायला बांधलेलीच नव्हती. पाचाकुती हा इंका सम्राट, त्याच्या काळात, म्हणजे साधारण १४५० च्या आसपास हे उभं राहिलं असं बरीच वर्षं मानलं जात होतं, पण २०२१ मध्ये तिथे सापडलेल्या हाडांची रेडिओकार्बन तपासणी प्रसिद्ध झाली आणि १४२० च्या सुमाराला तिथे वस्ती होती असं दिसलं. काहीही असो, हे राजाचं खाजगी ठिकाण होतं, इंकांची राजधानी कुस्को, तिच्यापासून लांब, उरुबांबा नदीच्या वळणावर, समुद्रसपाटीपासून २४३० मीटरवर, आणि जास्तीत जास्त ७५० च्या आसपास माणसं तिथे राहत असतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले बरेचसे सेवेकरी आणि कारागीर. म्हणजे कोणी कुठून यायचं, कुठपर्यंत जायचं हे तेव्हाही ठरलेलंच होतं.

कुस्कोकडून येणारी फरसबंदी वाट डोंगराच्या खांद्यावरच्या इंटी पुंकूला, म्हणजे सूर्यद्वाराला पोचायची, तिथून पहिल्यांदा खाली वस्ती दिसायची, मग उतरत उतरत गावाच्या मुख्य दरवाज्याशी. हा दरवाजा नीट बघण्यासारखा आहे. घडीव दगडांची चौकट, वर एकच भलामोठा दगड आडवा टाकलेला, आणि आतल्या बाजूने बघितलं की वरच्या दगडाच्या वर एक दगडी कडी बाहेर आलेली दिसते, दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोबणी आणि त्या खोबणीत उभे दगडी खुंटे, म्हणजे लाकडी दार त्या कडीला वरून टांगून दोन्ही खुंट्यांना दोरांनी करकचून बांधता यायचं. बिजागरी नाही, लोखंड नाही, पण दार बंद म्हणजे बंद. आणि दार उघडं असलं की त्या चौकटीत समोर बरोब्बर वायना पिचूचा सुळका. आपल्याकडे किल्ल्याचा महादरवाजा बुरुजांच्या आड लपवलेला असतो, इथे लपवालपवी नाही, उलट आत येणाऱ्याने पहिलं काय बघायचं ते बांधणाऱ्याने ठरवून ठेवलंय.

दुसऱ्या बाजूने, पश्चिमेच्या कड्यावरून एक वाट येते, तिच्यावर इंका पूल आहे. पूल म्हणजे काय, तर कड्याला चिकटून रचलेल्या दगडी बांधात मध्येच साधारण सहा मीटरची मोकळी जागा सोडलेली आणि तिच्यावर ओंडके टाकलेले. ओंडके काढून घेतले की वाट संपली, खाली सरळ दरी. आज १-डी रूटने लांबून तो पूल बघता येतो, त्याच्यावर जाऊ देत नाहीत.

सोळाव्या शतकात स्पॅनिश आले, इंका साम्राज्य कोसळलं आणि ही जागा ओस पडली. स्पॅनिशांना ती सापडली नाही, म्हणून देवळं पाडली गेली नाहीत आणि वर चर्चही बांधलं गेलं नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना मात्र ती माहीत होती. आगुस्तिन लिसारागा नावाच्या स्थानिक माणसाने १९०२ मध्ये तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने आपलं नाव आणि साल लिहून ठेवलं होतं. मग २४ जुलै १९११ ला येल विद्यापीठाचा हायरम बिंगहॅम आला, तो शोधत होता इंकांची शेवटची राजधानी विल्काबांबा, नदीकाठच्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक सोल (पेरूचं नाणं) घेऊन त्याला वर नेलं, वर गेल्यावर तिथे चक्क कुटुंबं राहत होती, जुन्याच पायऱ्यांच्या शेतांवर पीक घेत होती, आणि त्यातल्या एका छोट्या मुलाने त्याला सगळं फिरवून दाखवलं. "शोध लावला" हा शब्द मला इथे खटकतो तो त्यामुळेच. बिंगहॅमने जागा जगासमोर आणली हे त्याचं श्रेय नक्कीच आहे, पण तिथपर्यंतची वाट स्थानिकांनी दाखवली.

रूटच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बिंगहॅम सूर्यद्वारातून आला नाही आणि पुलावरूनही नाही, तो नदीकडून, खालून, उभ्या चढाने आला. पुढे खोऱ्यातून रेल्वे आली, आणि १९४८ मध्ये नदीपासून वर जाणारा नागमोडी रस्ता खुला झाला, त्याला बिंगहॅमचंच नाव आहे, आजच्या बसेस त्याच वळणांवरून २५-३० मिनिटांत वर सोडतात. हा रस्ता जिथे पोचतो ती जागा म्हणजे गावाची एक बाजू, शेतीच्या पायऱ्यांकडची. म्हणजे ज्या क्रमाने हे ठिकाण बघावं असं बांधणाऱ्यांच्या मनात होतं, आधी वरून दर्शन, मग दरवाजा, मग चौक, तो क्रम त्या रस्त्याने मोडला. आपण शेताच्या बांधावरून आत शिरतो. तिथून लोक काय करणार, तर आधी वर चढणार, पहारेकऱ्याच्या झोपडीपाशी, कारण तो जगप्रसिद्ध फोटो तिथूनच येतो. १९१३ च्या एप्रिलमध्ये नॅशनल जिओग्राफिकने पूर्ण अंकच माचू पिचूवर काढला होता, तेव्हापासून वरून दिसणारं ते दृश्य म्हणजेच माचू पिचू असं डोक्यात बसलंय. फोटो काढून झाला की सगळे खाली गावात, मग परत त्याच गेटमधून बाहेर, आणि अरुंद पायऱ्यांवर वर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर. एकेरी मार्गाची कल्पना या कोंडीतून आली.

१९८१ मध्ये पेरूने ३२,५९२ हेक्टरचा भाग संरक्षित जाहीर केला, १९८३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं, पण तरी आत मोकळंच होतं, कुठेही जा, कुठेही बसा. नव्वदीच्या शेवटी तर थेट वर केबल कार न्यायची योजना होती, अभ्यासकांनी आणि युनेस्कोने विरोध केल्यावर ती बारगळली.

मग सप्टेंबर २००० मध्ये जे झालं ते वाचून आजही वाईट वाटतं. इंतिवाताना म्हणजे मूळ खडकातूनच कोरून काढलेला दगड, खाली पायऱ्यापायऱ्यांचा ओटा आणि मधोमध वर आलेला चौकोनी खांब, सूर्याच्या उपासनेशी जोडलेला. बऱ्याच इंका ठिकाणचे असे पवित्र दगड स्पॅनिशांनी फोडले, हा वाचला होता. आणि ५०० वर्षं वाचलेल्या त्या दगडावर एका बिअरच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना क्रेन पडली आणि खांबाच्या वरच्या कडेचा कपचा उडाला. एक कोपरा, बोटभर लांबीचा असेल, पण तो परत येणार नाही. पेरूमध्ये त्यावरून मोठा संताप झाला. साधारण त्याच सुमाराला इंका ट्रेलचे, म्हणजे सूर्यद्वारातून येणाऱ्या त्या जुन्या वाटेवरच्या ट्रेकचेही कडक नियम आले, चार दिवसांच्या त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसं, त्यातही गाईड आणि हमाल धरून, म्हणजे प्रत्यक्ष ट्रेकर जेमतेम २००, आणि फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी वाट पूर्ण बंद.

२००७ मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांत ताजमहालाबरोबर माचू पिचूचंही नाव लागलं. जानेवारी २०१० मध्ये भयंकर पाऊस झाला, उरुबांबाने रेल्वेमार्ग खाऊन टाकला, हजारो पर्यटक खालच्या आग्वास कालिएंतेस गावात अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं आणि माचू पिचू एप्रिलपर्यंत बंद राहिलं. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, दिवसाला २५०० माणसं अशी मर्यादा आली. ती प्रत्यक्षात कित्येकदा ओलांडली गेली. १ जुलै २०१७ पासून सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या, गाईड सक्तीचा आणि आखून दिलेल्या वाटा. २०१९ मध्ये तासातासाचे स्लॉट. त्या एका वर्षात १५ लाखांच्या वर लोक येऊन गेले.

एवढे पाय पडले की काय होतं हे समजायला ती जागा कशी बांधलीय ते बघायला लागतं, आणि माझ्या मते माचू पिचूची खरी कमाल तीच आहे. तिथे वर्षाला साधारण १९०० ते २००० मिलिमीटर पाऊस पडतो, जागा दोन सुळक्यांच्या मधल्या खिंडीवर, माती घसरणारी. केनेथ राइट या जलअभियंत्याने तिथे वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, त्याच्या हिशोबाने बांधकामाची जवळपास ६० टक्के मेहनत जमिनीखाली आहे. शेताची एक पायरी उभी कापली तर वर सुपीक माती, खाली वाळू मिसळलेली माती, त्याखाली खडी आणि तळाशी मोठे दगड, म्हणजे पाऊस मुरतो, झिरपतो आणि भिंतीला न ढकलता निघून जातो. गावभर पाणी काढून द्यायला १३० च्या आसपास मोऱ्या ठेवल्यात. म्हणजे ते हिरवं गवत दिसतं ना, ते लॉन नाही, ते गाळणीचं झाकण आहे. त्याच्यावर रोज हजारो बूट दाबले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वरून वाहायला लागतं. पायऱ्यांचे दगड झिजतात ते वेगळंच, आणि ते ग्रॅनाइट असूनही.

कोविडमध्ये मार्च २०२० ते ऑक्टोबर सगळं बंद होतं. उघडल्यावर माणसांत अंतर ठेवायचं म्हणून वाटा आणखी नीट आखल्या गेल्या आणि २०२१ मध्ये चार सर्किट झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये दगड झिजल्यामुळे इंतिवाताना आणि काँडोरच्या (एक मोठं गिधाड) देवळासकट काही भाग थोडे दिवस पूर्ण बंद ठेवावे लागले. आणि दुसरीकडे जानेवारी २०२४ पासून रोजची मर्यादा मात्र वाढली, ४५००, काही ठराविक तारखांना ५६००. हे मला अजिबात पटत नाही. दगड झिजतोय म्हणून भाग बंद करायचे आणि तीन-चार महिन्यांत माणसं वाढवायची, हे एकत्र बसत नाही. पण खालच्या गावाचं पूर्ण पोट यावर आहे हेही खरंच, त्याच जानेवारीत तिकीट विक्रीचं काम एका खाजगी प्लॅटफॉर्मकडे दिल्यावरून गावाने संप केला, ट्रेन बंद पाडल्या, आणि शेवटी ते काम सरकारी साइटकडे आलं. रोजची १००० तिकिटं खालच्या गावातल्या खिडकीवर समोरासमोर विकली जातात, ज्यांना ऑनलाइन मिळालं नाही त्यांच्यासाठी तो एक रस्ता आहे, फक्त त्यासाठी एक दिवस आधी पोचून रांगेत उभं राहायची तयारी हवी.

आत्ताची रचना १ जून २०२४ पासूनची. सर्किट १ म्हणजे वरचा भाग, फोटो आणि सोबत माचू पिचू डोंगर, सूर्यद्वार किंवा पुलाची वाट, पण जुन्या इंका गावात उतरायला मिळत नाही. सर्किट २ म्हणजे फोटोही आणि गावही, तो जुना दरवाजा, चौक, देवळं. म्हणूनच ते सगळ्यात आधी संपतं. सर्किट ३ खालून जातं, तिथून वरचा तो फोटो नाही, पण सूर्याचं देऊळ, राजाचं घर आणि कारंजी याच बाजूला, शिवाय वायना पिचूचं तिकीट हवं असेल तर ते ३-ए. सूर्यद्वार, पूल, मोठी गुहा आणि उचुय पिचू (वायना पिचूशेजारचा छोटा सुळका) हे चार रूट फक्त गर्दीच्या सीझनमध्ये उघडे असतात, आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावं. बाकी मे चांगलाच, तिथला पाऊस डिसेंबर ते मार्च, आपल्या उलट.

एकच तिकीट काढणार असाल आणि २-ए मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. पण २ संपलंय म्हणून नाराज होऊन ३ घेणारे बघितले की मला सांगावंसं वाटतं, की बाबांनो, ३ हे उरलेलं तिकीट नाहीये. डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटरचा दगडी पाट काढून पाणी गावात आणलंय, उतार इतका बेताचा की पाणी सांडतही नाही आणि साचतही नाही, आणि मग एकाखाली एक अशी १६ कारंजी, पहिलं राजाच्या घराशेजारी, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी आधी त्याला. प्रत्येक ठिकाणी पाणी दगडातल्या बारीक खाचेतून धारेने पडतं, निमुळत्या तोंडाचा घडा खाली धरला की बरोबर भरावा असं. फोटोच्या जागेवरून यातलं काहीच दिसत नाही. दोन दिवस हातात असतील तर पहिल्या दिवशी दुपारी १-बी, म्हणजे नुसता वरच्या फोटोचा रूट, तेव्हा सकाळचं धुकं गेलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी अगदी पहिल्या बसने वर जाऊन ३-बी, म्हणजे राजाच्या घराचा आणि कारंज्यांचा रूट, असं मी सुचवेन.

पासपोर्ट मूळ हवा, तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आणि टॉयलेट गेटच्या बाहेर आहे, आत नाही, एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत सोडत नाहीत, घरातली मोठी माणसं सोबत असतील तर हे बसमधून उतरल्या उतरल्या सांगा.