पाठीवरचं साल बघून स्केलेटर घेऊ नका

नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जायला लागल्या, तशी माळ्यांवरची खोकी खाली यायला लागली आणि जुन्या खेळण्यांच्या जाहिरातींना ऊत आला. त्यातल्या स्केलेटरच्या, म्हणजे हीमॅनच्या कवटीतोंड्या शत्रूच्या बाहुल्याच्या, जाहिराती एकमेकींच्या नकला असाव्यात तशा असतात. फोटोत निळं अंग, जांभळी टोपडी, पिवळी कवटी. खाली मजकूर, "१९८१ चा ओरिजनल, अमेरिकन, रेअर". चार शब्द, त्यातले तीन बिनबुडाचे. १९८१ साली स्केलेटर जगातल्या कुठल्याच दुकानात नव्हता. मॅटेल या खेळणी कंपनीची 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही हीमॅन-स्केलेटरची खेळणी विक्रीला आली १९८२ मध्ये.

हीमॅन, त्याचा ग्रेस्कलचा किल्ला, दूरदर्शनवरचं कार्टून हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. घोळ आहे तो पाठीवरच्या बारीक अक्षरांचा.

१९८२ च्या स्केलेटरचं चिलखत काढा. पाठीवर मॅटेलचं नाव, १९८१ हा आकडा आणि एका देशाचं नाव उठावात दिसेल. यातला १९८१ म्हणजे स्वामित्वहक्काचं साल. ते साच्यात कोरलेलं असतं, आणि तो साचा चालेल तोवर त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नगावर उमटत राहतं. पहिल्या खेपेचा नग असो की दोन-तीन वर्षांनंतरचा, पाठीवर १९८१ च. सोसायटीच्या पाटीवर नोंदणीचं साल असतं. त्यावरून तुमच्या हॉलमधला पंखा कधी घेतला ते सांगता येतं का? १९८४ च्या बॅटल आर्मर स्केलेटरच्या, म्हणजे याच्याच पुढच्या अवताराच्या, पाठीवरही असंच आधीचं, १९८३ साल आहे. म्हणजे हा आकडा एवढंच सांगतो की नग त्या सालाच्या आधीचा नाही. नंतरचा किती, याबद्दल तो मुका आहे.

मग खरं वय कशावरून ठरवायचं? सीलबंद असेल तर पाकिटाचा पुठ्ठा उलटा करा. पहिल्या खेपेच्या पुठ्ठ्यामागे आठच पात्रांची चित्रं आहेत: हीमॅन, स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स, बीस्ट मॅन, टीला, मर-मॅन, स्ट्रॅटोस आणि झोडॅक. संग्राहक त्याला 'एट बॅक' म्हणतात. नवी पात्रं येत गेली तशी मागची गर्दी वाढत गेली, त्यामुळे पुठ्ठ्यावरची डोकी मोजणं हा पाठीवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा पुरावा. नग लूज, म्हणजे पाकिटाबाहेरचा, असेल तर देश आणि रंगकाम बघा. तैवान, मलेशिया, मेक्सिको अशा वेगवेगळ्या ठिकाणचे स्केलेटर सापडतात आणि त्यांच्या चेहऱ्याच्या रंगात, प्लास्टिकच्या पोतात फरक असतो. बुटांवरचा जांभळा रंग अर्ध्यावरच थांबलेला असेल तर तो 'हाफ बूट'. विकणारे त्याला "रंग उडालाय" म्हणतात. उडालेला रंग कडेला फाटका दिसतो, इथे कड सरळ असते. माझ्या मते हाच सगळ्यात देखणा स्केलेटर, आणि त्याच्या बुटांवर नेलपॉलिशचा हात फिरवणाऱ्याला माफी नाही.

'अमेरिकन' या शब्दाचाही निकाल इथेच लागतो. कंपनी कॅलिफोर्नियाची, पण खेळणं अमेरिकेतून आलं असा त्याचा अर्थ होत नाही. देश पाठीवर लिहिलेला आहे, वाचा. आपल्याकडे लिओ या खेळण्यांच्या ब्रँडच्या पॅकिंगमध्ये जे हीमॅन-स्केलेटर मिळायचे, ते तर मॅटेलच्या परवान्यावर भारतातच बनलेले. त्यांना अमेरिकन म्हणून खपवायची काय गरज? बाहेरचे संग्राहक लिओचा माल हौसेने शोधत असतात.

आता ओरिजिन्स. २०२० मध्ये दुकानांत आलेली ही मॅटेलचीच नवी मालिका मुद्दाम जुन्या तोंडवळ्याची काढली. उंची तीच साडेपाच इंच, पुठ्ठ्यावर तसेच फुटणारे खडक, म्हणून सीलबंद पाकिटाचा फोटो फसवतो. नग हातात आला की दोन सेकंदांत कळतं: ओरिजिन्सला गुडघे आणि कोपर आहेत, जुन्याला नाहीत. शंका उरलीच तर कंबर पिळून सोडा. जुन्यात स्प्रिंग असते, धड झटक्यात फिरून ठोसा मारतं. ओरिजिन्सचं जिथे फिरवाल तिथे थांबतं. स्प्रिंग मेलेलीही असू शकते, पण गुडघे चाळीस वर्षांनी उगवत नाहीत. मांडणीत पोझ देऊन उभा करायला ओरिजिन्स उत्तमच, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

जुन्याचे पाय लोंबत असतील तर घाबरू नका. ते आत रबराने ताणून बसवलेले असतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत रबर कुजतं. ते बदलता येतं. बदललंय हे विकताना सांगावं, एवढंच. "कार्टूनसारखा दिसत नाही, म्हणजे नकली" हाही एक लाडका तर्क. कार्टून आलं १९८३ मध्ये, खेळण्याच्या नंतर. मग त्याच्याशी ताडून बघायचं कशाला?

पुढच्या अवतारांमध्ये गोंधळायला फारशी जागा नाही. पाठीवर पाणी उडवणारा ड्रॅगन असेल तर १९८५ चा ड्रॅगन ब्लास्टर. हातात मोठाले पंजे असतील तर १९८६ चा टेरर क्लॉज, जो मला फुकट दिला तरी नको. बॅटल आर्मरच्या छातीत मात्र फिरणारा ड्रम आहे: धक्का बसला की कोरं चिलखत जाऊन एक ओरखडा येतो, पुढच्या धक्क्याला दोन, मग पुन्हा कोरं. हे माहीत नसलेले लोक "छातीला डॅमेज" लिहून भाव पाडतात. असा नग वाशी स्टेशनबाहेर कुणी हातात ठेवला तर आधी पैसे द्या, पिशवीत टाका, आणि ड्रमची गोष्ट मग सांगा.